म्हणे, बाळासाठी!

"पुढच्या महिन्यात ऑर्लँडोला चाललोय, डिस्नेला. बाळासाठी!"

हे वाक्य इथल्या मराठी मित्रमंडळींत मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की माझा हात आपोआप चहाच्या कपाकडे जातो. तोंड बंद ठेवायला काहीतरी हवं ना! कारण पुढचा प्रश्न मी विचारते, "केवढं झालं ग बाळ?" आणि उत्तर येतं, "तेरा महिने". कधी अकरा, कधी चौदा. एकदा तर "जाऊ तोवर वर्षाचं होईलच" असं आलं होतं.

आज कप बाजूला ठेवलाय. माझं म्हणणं सरळ आहे. वर्षाच्या मुलाला घेऊन डिस्नेला जरूर जा. पण बाळासाठी जातोय असं म्हणू नका. तुम्ही तुमच्यासाठी जाताय. तुम्ही म्हणाल, काय हा शब्दांचा कीस! पण नाही. 'बाळासाठी' म्हटलं की पुढचं सगळं बिघडतं, आणि त्याचा त्रास होतो तो बाळालाच.

त्याआधी दुसऱ्या पार्टीचा समाचार घेऊ. ही पार्टी पुण्या-नाशिकला बसलेली असते आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर भेटते. त्यांचं ठरलेलं वाक्य, "अगं, त्याला काय कळतंय? लक्षात तरी राहणार आहे का?" काका, आत्या, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे, म्हणून आदरानं विचारते. बोरन्हाण कुणाच्या लक्षात आहे? काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुऱ्यांचा वर्षाव आणि खाली बसलेलं भांबावलेलं पोर. मामाच्या मांडीवर बसून काढलेलं जावळ कुणाला आठवतंय? उष्टावणाच्या खिरीची चव? तरी आपण हे सगळं हौसेनं करतो आणि कुणी विचारत नाही की बाळाला काय कळतंय. लक्षात राहण्याच्या अटीवरच गोष्टी करायच्या म्हटलं, तर पहिली तीन वर्षं मुलांना नुसतं गोदामात ठेवायला हरकत नाही.

शिवाय शास्त्रसुद्धा पूर्णपणे काकांच्या बाजूचं नाही. मोठेपणी आपल्याला आठवणाऱ्या सर्वांत जुन्या गोष्टी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात, हे खरं. पण म्हणजे त्याआधी काही नोंदलंच जात नाही असं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोवी-कोलियर यांनी बाळाच्या पायाला रिबीन बांधून ती पाळण्यावरच्या खेळण्याला जोडली होती. पाय हलवला की खेळणं हलायचं. दोन-तीन महिन्यांच्या बाळांना ही युक्ती काही दिवसांनीही आठवायची. आणि २०२५ च्या मार्चमध्ये 'सायन्स'मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यांनी ४ ते २५ महिन्यांच्या २६ बाळांना चित्रं दाखवत त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. आठवण साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, एखादं चित्र पाहताना जास्त कामाला लागला असेल, तर तेच चित्र पुन्हा दाखवल्यावर बाळ त्याच्याकडे जास्त वेळ बघायचं. हा संबंध वर्षावरच्या मुलांमध्ये जास्त ठळक दिसला. म्हणजे नोंद होते, पुढे ती सापडत मात्र नाही. आमच्या घरातल्या जुन्या कागदपत्रांसारखं.

तेव्हा 'लक्षात राहणार नाही' हे कारण बाद. त्या कारणासाठी कुणी तिकीट रद्द करू नये.

आता आपली पार्टी. 'बाळासाठी' म्हणणाऱ्यांची.

मला सांगा, वर्षाच्या बाळाला काय लागतं? अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१६ च्या शिफारशीप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्रीची मिळून ११ ते १४ तास झोप हवी. उरलेल्या वेळात खाणं, रांगणं, धरून उभं राहणं, धपकन बसणं, एकच डबा चाळीस वेळा उघडणं आणि मिटणं. हे वय अनोळखी माणसाला घाबरण्याचंही असतं. आठ-नऊ महिन्यांपासून ही भीती सुरू होते आणि बऱ्याच मुलांत दीड-दोन वर्षांपर्यंत टिकते. शेजारच्या आजोबांनी नुसतं "काय रे सोन्या" म्हटलं तरी ओठ वाकडा होतो. अशा जिवाला आपण सहा फुटी उंदराच्या हातात देतो आणि म्हणतो, हास!

आता तिथला दिवस बघा. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे साधारण २५,००० एकरांचा पसारा. चार मोठी पार्कं: १९७१ चं मॅजिक किंगडम, १९८२ चं एपकॉट, १९८९ चं हॉलिवूड स्टुडिओज (तेव्हा नाव वेगळं होतं) आणि १९९८ चं अ‍ॅनिमल किंगडम. मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीनं गेलात, तर गाडी लावायची तळ्याच्या अलीकडे. तिथून मोनोरेल किंवा बोट. म्हणजे बाळाला गाडीतून काढा, बाबागाडी उघडा, तपासणीची रांग, मग मोनोरेलची रांग, मग फाटकाची रांग. तो प्रसिद्ध किल्ला दिसेपर्यंत बाळाच्या पहिल्या झोपेची वेळ झालेली असते. उन्हाळ्यात गेलात तर पारा ३२-३३ अंशांवर, हवेत मुंबईसारखा दमटपणा आणि दुपारी गडगडाटासह पाऊस. रात्री आतषबाजी, तीही बहुतेक बाळांची झोपायची वेळ उलटून गेल्यावर.

यातलं काहीही वाईट नाही. मोठ्यांना हा दिवस फार आवडतो. मलाही आवडतो. पण या दिवसाचा एक तासही वर्षाच्या मुलाकडे बघून आखलेला नाही, आणि तरी आपण म्हणतो, 'त्याच्यासाठी'!

बरं, बाळाला तिथे नेमकं काय आवडतं? मी बघितलंय. वाटेत फिरणारं बदक. पुढच्या बाबागाडीचं चाक. पाण्याचं कारंजं. रांगेतला लोखंडी कठडा, जो चाटता येतो. बदकासाठी विमानानं फ्लोरिडा गाठायची काही गरज नाही, आमच्या न्यू जर्सीत प्रत्येक तळ्याकाठी नको तितकी आहेत.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "अगं, पण तीन वर्षांच्या आत फुकट आहे!" ही तर सगळ्यांत गोड फसगत. डिस्नेमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, हे खरं. देशांतर्गत विमानातही दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेतलं तर पैसे पडत नाहीत (बाळाला स्वतःची सीट आणि कारसीट असणं जास्त सुरक्षित, असं इथलं विमान वाहतूक प्रशासनच सांगतं, पण ते सोयीस्करपणे कुणी वाचत नाही). पण बाळ फुकट गेलं म्हणून सहल फुकट होते का? मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर, मॅजिक किंगडमचं गर्दीच्या दिवसांत दोनशेच्या घरात. आई, बाबा आणि भारतातून आलेले आजी-आजोबा, म्हणजे चार तिकिटं गुणिले चार दिवस. वर हॉटेल, गाडी, रांग टाळायची तर लायटनिंग लेनचे वेगळे पैसे. ज्याच्या नावानं हा खर्च झाला त्या एकट्याचं तिकीट शून्य, आणि वसुलीची अपेक्षा मात्र सगळी त्याच्याकडून!

माझी खरी तक्रार इथे सुरू होते. एवढा खर्च 'त्याच्यासाठी' केला म्हटलं, की बाळ कर्जदार होतं. त्यानं हसलं पाहिजे. फोटोत कॅमेऱ्याकडे बघितलं पाहिजे. जागं राहिलं पाहिजे. झोपलं तर "अरे, आत्ताच कसा झोपला हा, आता परेड आहे!" आणि रडलं तर ते नुसतं रडणं राहत नाही, कृतघ्नपणा होतो.

गेल्या नोव्हेंबरात मी तिथल्या एका फोटोच्या रांगेत उभी होते. पुढे एक मराठी कुटुंब. साधारण वर्षाची मुलगी, डोक्यावर ठिपक्यांची बो असलेला तो हेअरबँड. तो तिला टोचत असावा, कारण ती दर अर्ध्या मिनिटाला ओढून काढत होती आणि आई तो परत घालत होती. आजी खुळखुळा वाजवून लक्ष वेधत होत्या. नंबर आल्यावर त्या भल्यामोठ्या टेडीसारख्या आकृतीला बघून मुलीनं जो टाहो फोडला, तो अगदी जिवाच्या आकांतानं. बाबांनी तिला तरीही पुढे धरलं. फोटो झाला. मग तिला परत घेताना ते म्हणाले, "एवढे पैसे खर्चून हिच्यासाठी आणलं, आणि हिचं बघा!"

मारलं नाही, ओरडलेही नाहीत. चांगला, दमलेला माणूस होता. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या मुलीनं काहीही मागितलं नव्हतं. ती घाबरली होती आणि तिला झोप आली होती, दोन्ही गोष्टी बाबांना घरी एका क्षणात कळल्या असत्या. इथे कळल्या नाहीत, कारण मधे 'हिच्यासाठी' उभं होतं.

आता समजा, त्याच बाबांनी विमानात बसताना स्वतःशी म्हटलं असतं, "मला जायचंय. लहानपणापासून जायचं होतं." मग मुलगी रडली असती तेव्हा त्यांना काय वाटलं असतं? की आपल्या हौसेपायी हिला त्रास होतोय, चला, बाहेर जाऊ. रडणं तेच, पण आता देणेकरी बाबा.

आणि यात लाजण्यासारखं काय आहे, तेच मला समजत नाही. आमची पिढी नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनसमोर मांडी घालून 'डकटेल्स' आणि 'टेलस्पिन' बघत मोठी झाली. हिंदीतून बोलणारी बदकं आमच्या चाळीत, वाड्यात, सरकारी क्वार्टरमध्ये दर आठवड्याला यायची. तेव्हा तो किल्ला बघायला जाणं म्हणजे चंद्रावर जाण्यासारखं होतं. आता नोकरी आहे, पैसे आहेत, फ्लोरिडा तीन तासांवर आहे. जायचंय तर म्हणा ना, मला जायचंय! पण नाही. आपल्याकडे मोठ्या माणसानं स्वतःच्या हौसेसाठी खर्च केला की चैन होते, आणि मुलाच्या नावानं केला की कर्तव्य. साडीही लग्नाच्या निमित्तानंच घ्यायची आणि सोनं मुहूर्तावर. डिस्नेला जायला आपल्याला निमित्त हवं असतं, आणि बाळ आयतं मिळतं. ते काही बोलूही शकत नाही.

गंमत म्हणजे ज्यानं हे सगळं सुरू केलं, त्यालाही हे ढोंग मान्य नव्हतं. डिस्नेलँडची कल्पना कशी सुचली ते वॉल्ट डिस्ने स्वतःच सांगायचा. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या मुली मेरी-गो-राउंडवर बसायच्या, आणि हा बाकावर बसून वाट बघायचा. त्याला वाटलं, आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी जागा हवी. १९५५ मध्ये अनाहाइमला ती उभी राहिली. म्हणजे या धंद्याच्या मुळाशी मूल नाही, बाकावर कंटाळलेला बाप आहे! त्या बापाला तिथे जायला मुलाच्या चिठ्ठीची गरज नाही.

आपल्याकडे हे शहाणपण फार आधीपासून होतं. जत्रा आठवा. वर्षाचं लेकरू बापाच्या खांद्यावर, डोक्यावर कुंची, हातात पिपाणी. सगळे जत्रेला जायचे म्हणून तेही जायचं. "लेकरासाठी जत्रेला चाललोय" असं कुणी म्हणत नसे. मोठ्यांना देवाला जायचं असे, पाळण्यात बसायचं असे, भांडी घ्यायची असत, माहेरची माणसं भेटायची असत. लेकरू खांद्यावर झोपलं तर झोपलं. रडलं तर कुणाच्या तरी काकूनं घेतलं, झाडाखाली नेलं. त्यानं रेवड्या खाऊन खूश झालंच पाहिजे असा हिशेब नव्हता, कारण जत्रा त्याच्या नावावर मांडलेली नव्हती. म्हणून ते मोकळं होतं. डिस्नेलाही बाळाला असंच न्या. जत्रेला नेतात तसं.

आजी-आजोबांबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे ही सहल बहुतेक वेळा त्यांच्या मुक्कामात बसवलेली असते. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला ते येतात, सहा महिने राहतात, आणि "आलेच आहेत तर" म्हणून त्यांनाही डिस्ने. मग पासष्ट-सत्तरीचे आजोबा नवे बूट घालून दिवसभर चालतात, आजी बाबागाडीजवळ डायपरच्या बॅगा सांभाळत बसतात, आणि कुणी विचारलं तर म्हणतात, "नातवासाठी आलोय." त्यांनाही तेच निमित्त! अहो, विचारा त्यांना एकदा, तुम्हाला काय बघायचंय? कदाचित आजींना त्या छोट्या बोटीत बसून जगभरातल्या बाहुल्या बघायच्या असतील ('इट्स अ स्मॉल वर्ल्ड', १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेली राइड). तिथे उंचीची अट नाही, वर्षाचं बाळही मांडीवर बसतं. कदाचित त्यांना कुठेही जायचं नसेल, हॉटेलच्या खोलीत नातवाला मऊ भात भरवत बसायचं असेल. तीही सहलच की.

एकदा खरं बोललं की पुढचं नियोजन आपोआप सरळ होतं. आपल्याला मोठ्या राइडवर बसायचंय? मग 'रायडर स्विच' वापरा. एकानं बाळ सांभाळायचं, दुसऱ्यानं बसायचं, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पुन्हा ती पूर्ण रांग लावावी लागत नाही. स्पेस माउंटनला ४४ इंच उंची लागते, वर्षाचं मूल असतं तिशीच्या आसपास. म्हणजे ती राइड कुणासाठी हे कंपनीनं पट्टी लावूनच सांगितलंय. चारही पार्कांत बेबी केअर सेंटर आहे. पाजायला आडोसा, डायपर बदलायची टेबलं, भरवायला उंच खुर्च्या. तिथे जाऊन पंखाखालच्या थंडाव्यात अर्धा तास बसा, परेड चुकली तर चुकली. खिचडीचा डबा खुशाल न्या, घरचं खाणं आत न्यायला मनाई नाही. काचेच्या बाटल्या चालत नाहीत, पण बाळाच्या खाण्याच्या बाटल्यांना त्यातून सूट आहे. बाबागाडी भाड्यानं मिळते, स्वतःची न्यायची तर ३१ इंचांपेक्षा रुंद आणि ५२ इंचांपेक्षा लांब नको, हा नियम २०१९ पासून आहे. दुपारी खोलीवर परत या. चार पार्कं चार दिवसांत उरकायचा अट्टहास सोडा, दोन करा. आतषबाजी बघायचीय? एकानं बघा, दुसऱ्यानं बाळाजवळ थांबा. आपली हौस आहे, तेव्हा गैरसोयही आपणच वाटून घ्यायची.

आता कुणी म्हणेल, "पण बाई, आम्ही आनंदी असलो की बाळही आनंदी असतं, मग झालं ना त्याच्यासाठीच?" हा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. आईबाप मजेत असले तर बाळाला ते कळतं, नक्कीच. पण ती मजा आधी कबूल तर करा! जी मजा आपण घेतोय हेच मान्य नाही, ती घेता येत नाही. दिवसभर बाळाच्या चेहऱ्याकडे बघत 'याला मजा येतेय का, येतेय का' करणारे आईबाप मी पाहिलेत. त्यांना स्वतःला काडीची मजा आलेली नव्हती.

आणि "मोठेपणी फोटो दाखवू ना" हेही कारण खरं बोलून सांगता येतं. फोटो जरूर काढा. त्या मेन स्ट्रीटवर एक न्हाव्याचं दुकान होतं, लहान मुलांचे पहिल्यांदा केस कापून घेण्यासाठी ते प्रसिद्ध झालं. आपल्या जावळाचाच प्रकार, मामाची मांडी तेवढी नाही. पुढे मुलानं विचारलं, "मी तिथे काय करत होतो?" तर सांगा, "तू झोपला होतास. आम्हाला फार हौस होती म्हणून गेलो, आणि तुला सोडून जायचं नव्हतं म्हणून तुला घेऊन गेलो." पंधरा वर्षांच्या मुलाला हे उत्तर "तुझ्यासाठी एवढा खर्च केला होता" या उत्तरापेक्षा कितीतरी जास्त आवडेल. आईबापांनाही कधीकाळी काही हवं होतं, हे त्याला कळेल. ते मुलांना सहसा उशिरा कळतं.

मला ठाऊक आहे, हे वाचून दोन-तीन जण रुसणार आहेत. त्यातल्या एकांची तिकिटं मार्चची आहेत आणि त्यांची लेक तोवर चौदा महिन्यांची होईल. मैत्रिणी, तिकिटं रद्द करू नकोस. तो ठिपक्यांचा हेअरबँड घेशील तो तुझ्या मापाचा घे. आणि निघताना कुणी विचारलं, कशासाठी चाललात, तर मान वर करून सांग, "मला जायचंय म्हणून."